सुम्न बसलेल्या अक्का

धारवाडच्या स्टेशनवर अप्पांनी माझी ट्रंक डब्यात चढवली आणि खिडकीपाशी येऊन पुन्हा बजावलं, "पास झालीस तर बघू. नाही तर गुमान परत यायचं आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं." आईनं दिलेली शेंगांची चटणी आणि कडक भाकरी मिरजेला गाडी बदलेपर्यंत निम्मी संपली होती. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पोरीनं पुण्याला जाऊन कॅमेरा शिकायचा म्हणजे डोकं फिरलं, असं आमच्या गल्लीचं मत होतं. माझं फिरलेलंच होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

पुण्यात माझ्या "ये की", "बस की"ची नक्कल व्हायची. मी कसली ऐकून घेते! दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग "चल की" म्हणायला लागला.

वर्षाच्या शेवटी परीक्षेसाठी एका कलावंताचं व्हिडिओ-चित्र करायचं होतं. बाकीच्यांनी पुण्यातलेच चित्रकार आणि नट धरले. मी कॅमेरा, जडशीळ रेकॉर्डर आणि वाट्याला आलेली एकुलती एक कॅसेट घेऊन धारवाडला आले. आमच्या मागच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या अक्का राहायच्या. मी लहानपणापासून त्यांचंच गाणं ऐकत आले होते.

अक्का इरकल नेसून, तंबोरा घेऊन, फोटोला बसल्यासारख्या ताठ बसल्या. त्यांनी जरा मोकळं व्हावं म्हणून मी म्हटलं, "अक्का, कॅमेऱ्याकडं बघू नका. सुम्न बसा." बाहेरच्यांना हे सांगायला हवं. हे "सुम्न" कानडीतलं, पण आम्ही ते मराठीतही बिनदिक्कत घालतो. त्याचा एक अर्थ सहज, उगीच आपलं. दुसरा अर्थ गप्प. मला पहिला म्हणायचा होता, अक्कांनी दुसरा घेतला.

मी बटण दाबलं. अक्का गप्प. मला वाटलं, गाण्याआधी मन लावताहेत. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत त्यांची शिष्या रियाजाला बसली. ती चुकली की अक्कांची भुवई उडायची, जमलं की ओठ हलायचे, एकदा तर मांडीवर चापट मारून त्या स्वतःशीच हसल्या. मला थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. इतकं सुंदर मी तोवर काही पाहिलंच नव्हतं. कॅसेट संपली तेव्हा अक्का म्हणाल्या, "आता तरी गाऊ का ग? तूच सुम्न बसा म्हणालीस की."

पुण्यात सर वैतागले. गाणारी बाई आणि गातच नाही? कुठलं तरी गाणं वरून जोड, नाही तर नापास होशील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बँकेचं काउंटर डोळ्यांपुढं दिसायला लागलं. तरी मी म्हटलं, जोडणार नाही. मग सरांनी ती कॅसेट इतर शिक्षकांसमोर लावली. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी.

सुट्टीत मी त्या कॅसेटची कॉपी घेऊन आले आणि हुबळीहून भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणून अक्कांच्या घरी लावली. अक्का खुशीत होत्या, मधेमधे शिष्येला टोमणे मारत होत्या. अप्पा मागं हाताची घडी घालून उभे होते. घरी येताना म्हणाले, "बँकेचं राहू दे आता. तुझं तिकडंच बरं आहे."

मी जिंकले होते. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. अप्पा दटावत होते तोवर घरात माझी जागा धरलेली होती. त्यांनी हट्ट सोडला आणि खरं तर तेव्हा माझं घर सुटलं.

माझ्यासारखेच गाव सोडून गेलेल्यांनो आणि तिथं राहिलेल्यांनो, मला पश्चात्ताप बिलकुल नाही. पुण्यात माझं काम आहे, चार लोक ओळखतात, कोण कुठली विचारलं की मी ठणकावून धारवाडची म्हणून सांगते. पण तिथं पोचले की आई पाण्याचा तांब्या देता देता विचारते, "किती दिवस आहेस?" धारवाडला जायला मला कारण लागत नाही. राहायला लागतं, आणि ते काही मला सापडत नाही.