बॅग कोण बघणार

आमच्या दोघांचं शेवटचं साधं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर सांगतो. मी लघवीला गेलो आणि बायको पिशव्या राखत बसली. ह्यापेक्षा बरं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. पण झालं ते असं झालं.

पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, त्या हॉलच्या बाहेर एक बाक होता. तिच्या एका पिशवीत मेथी आणि वांगी, दुसरीत नुकतंच घेतलेलं पुस्तक. साठी उलटल्यापासून मला सारखं जावं लागतं. कुठंही गेलो की ती आधी बसायची जागा हेरायची, सामान पायापाशी ओढून घ्यायची आणि म्हणायची, "होगि बर्री. मी हाय की." माहेर तिचं अक्कलकोटच्या पलीकडचं. 'जाऊन या' हे तिच्या तोंडी कानडीतच यायचं. एस्टी स्टँड असो, दवाखाना असो, लग्नाचा मांडव असो, मी जायचो आणि ती सामानापाशी बसायची. परत यावं तर तशीच बसलेली, एक पाय पिशवीवर टाकून.

त्या दिवशीही तशीच होती. मग रिक्षा केली, घरी आलो.

पुस्तक होतं श्रीलंकेचं. हसू नका. माझी शाळा चौथीपर्यंत. सगळा जन्म सोलापूरच्या भवानी पेठेत टॉवेलच्या मागावर गेला. ती घरात कडक भाकऱ्या करून विकायची. आम्ही परदेशाला जाणार म्हणजे गल्लीला करमणूकच होती. पण पुण्याच्या लेकीनं पासपोर्ट करून दिले, मागं लागली, "ग्रुपबरोबर जावा. सगळं तेच बघतात."

ग्रुप म्हटलं की आमची बाई पेटायची. एकदा गेलो होतो ग्रुपबरोबर, खाली दक्षिणेत. त्यांच्या माणसाच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की उतरायचं, शिट्टी वाजली की चढायचं. हिचा गुडघा असा, की ही उतरेपर्यंत चढायची शिट्टी व्हायची. एवढं मोठं देऊळ हिनं बसच्या पायरीवर उभं राहून बघितलं. एका ठिकाणी मी संडासच्या रांगेत होतो आणि गाडी निघाली. ही उतरली आणि गाडीपुढं उभी राहिली. "माजा मालक आल्याबिगर गाडी हलायची न्हाय." सगळी बस बघत होती. मी येईपर्यंत ती हलली नाही आणि गाडीही. घरी आल्यावर म्हणाली, "आता जायचं तर आपलं आपण. न्हायतर हितंच बरं हाय."

मग लेकीनं आम्हा दोघांचीच तिकिटं काढली. म्हणून पुस्तक. आपलं आपण जायचं तर विचारायचं कुणाला? टेबलावर श्रीलंकेची दोन होती. एक जाड, गुळगुळीत, पानापानाला रंगीत फोटो. दुसरं बारकं, फोटो नाहीत म्हटलं तरी चालेल. कुण्या बाईनं लिहिलेलं, स्वतः हिंडून. मला जाड आवडलं. पैसे द्यायचे तर वजन तरी मिळावं.

ही म्हणाली, "वाचा की जरा. त्यात वाईट काय लिवलंय ते वाचा."

मी वाचलं. चष्मा लावून, बोट ठेवून, बरीच पानं. हे नयनरम्य, ते विलोभनीय, तिसरं अविस्मरणीय. वाईट काही सापडेना.

"म्हंजे ह्यो मध्यस्थ हाय," ती म्हणाली. "पोरगा पितो हे सांगायचा न्हाय."

विकणारा म्हणाला, "आजी, फोटो तर बघा. आर्ट पेपर आहे."

"फोटो बघून पोरगी देत न्हाय बाबा आमी."

मग बारकं उघडलं. जे पान पहिलं उघडलं त्यावरच लिहिलं होतं, 'ह्या गावात बघण्यासारखं काही नाही. पण स्टेशनवरचं स्वच्छतागृह चांगलं आहे, आणि फलाटावर सावलीला बाक आहे.' ही एवढी हसली, की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

"हेच घ्या. तुमच्यासाठीच लिवलंय बाईनं."

पुढंही तसंच होतं. कुठं पायऱ्या जास्त, कुठं रिक्षावाला जास्त मागतो, कुठलं देऊळ उन्हात बघू नये कारण फरशीवर पाय भाजतात. शेवटी एक प्रकरण होतं, 'एकटं जाताना'. ती विकणाऱ्याला म्हणाली, "ही पानं आमच्या काय कामाची? आमी दोगं हाय. एवढी फाडून ठेवून घे आन् तेवढं पैसे कमी कर." तो हसला. पैसे काही कमी केले नाहीत. पानं राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाच्या भाकऱ्या बांधता बांधता ती भिंतीला टेकून बसली, ती उठली नाही. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, काही नाही. आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात. मी वरून बघितलं. मनात आलं, बसली पुन्हा. आता कुणाचं सामान राखती कुणास ठाऊक.

नंतरचं सगळ्यांना माहीत असतं. लोक येतात. येणारा विचारतो, "कसं झालं ओ?" मी सांगतो. तो उठतो, दुसरा येतो. "कसं झालं?" मी सांगतो. सांगून सांगून मला ते पाठ झालं, आणि पाठ झालं म्हणून माझाच मला राग यायला लागला. भाजी घ्यायला गेलो तरी बाई दोन वांगी जास्त टाकायची आणि चेहरा पाडायची. मला चेहरे नको झाले होते.

लेक म्हणाली, "अप्पा, तिकीट रद्द करते. नाहीतर ज्येष्ठांचा एक ग्रुप आहे, त्यात घालते."

मी म्हणालो, "जाणार. एकटा."

लोक म्हणाले, बायकोची इच्छा पुरी करतोय म्हातारा. तसं काही नव्हतं. तिची इच्छा तिच्याबरोबर गेली. मला फक्त अशा जागी जायचं होतं जिथं कुणी 'कसं झालं' विचारणार नाही. पण रात्रंदिवस एकच भीती होती. विमानाची नाही, भाषेची नाही. मला मध्येच जावं लागणार. तेव्हा बॅग कोण बघणार? पासपोर्ट, गोळ्या, पैसे, सगळं तिच्यात. हे लेकीला सांगायचं कसं? सांगितलं असतं तर तिनं ग्रुपातच घातलं असतं. मीही मनात म्हणत होतो, एवढं एक जमत नसेल तर घरी बसावं आणि वांगी घ्यावीत.

मग ते प्रकरण वाचलं, जे फाडायचं होतं. त्या बाईनं सरळ लिहिलं होतं. 'एकट्या माणसाची खरी अडचण सामानाची. बॅग एवढीच घ्या, की संडासात आत नेता येईल. तेवढी लहान जमत नसेल तर बसून काही विकणाऱ्या बाईपाशी ठेवा. उभ्या माणसापाशी ठेवू नका. उभा माणूस कधीही निघून जातो.'

जाड पुस्तकात हे नसतं. शपथेवर सांगतो.

लहान बॅग जमली नाही. कडक भाकऱ्यांचा डबा होता. तिनं बांधून ठेवलेल्या, गिऱ्हाइकानं दुखवट्यात मागितल्याच नाहीत. वाळल्या भाकरीला महिनाभर काही होत नाही. त्या टाकणार कुठं? घेतल्या, शेंगाची चटणी घेतली.

सोलापुरातून चेन्नईला रेल्वेनं गेलो. शेजारचं कुटुंब ओळखीचं झालं, त्यांनी बॅग बघितली. विमानतळावर ढकलगाडीच आतपर्यंत नेली. कोलंबोत लॉजवाल्यानं एक बोट वर करून विचारलं, एकटेच? मीही एक बोट वर केलं. त्यानं किल्ली दिली. बस. चेहरा पाडला नाही, काही नाही. मी खोलीत जाऊन पंखा लावला आणि कितीतरी दिवसांनी नीट झोपलो.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, वर डोंगरात, गाडी बदलायच्या स्टेशनवर. मी गाडीतच आवळून धरलं होतं. उतरलो तर फलाटावर ओळखीचं कुणी नाही. संडास दिसत होता, दार एवढंसं. बॅग आत जाणार नाही हे लांबूनच कळलं. एक चांगल्या कपड्यांतला माणूस उभा होता, हसलाही माझ्याकडं बघून. पण उभा होता.

खांबापाशी एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. माझ्याच वयाची असेल, पाटीमागं ऐसपैस बसलेली. मी बॅगेकडं बोट केलं, मग संडासकडं, मग पोटावर हात ठेवला. तिनं शेजारची जमीन थोपटली. ठेव म्हणे.

आत गेलो खरा, पण सगळं ध्यान बाहेर. आता बॅग गेली. पासपोर्ट गेला. लेक काय म्हणेल. म्हातारा घरी मेला असता तर बरं, म्हणतील लोक. हात धुतले की नाही आठवत नाही.

बाहेर आलो. ऊन सरकलं होतं, तर बाईनं बॅगही सावलीत सरकवली होती. आणि एक पाय बॅगेवर टाकून ती गिऱ्हाइकाला शेंगा मोजत होती.

मला एवढं हलकं वाटलं. पोटाचं म्हणत नाही. मी तिच्याशेजारी खालीच बसलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना. तिनं बघितलं, विचारलं काही नाही. कागदात शेंगा बांधून पुढं केल्या. मी डबा काढून तिला भाकरी दिली. तिनं ती बोटानं वाजवून बघितली, पापड समजली असावी. मग मोडली, चटणी लावून खाल्ली आणि ठसका लागेपर्यंत हसली. आमची चटणी आहे ती, सोपी नाही. आमचं बोलणं झालं ते एवढंच. जमलं म्हणायचं. आता कुठंही जमेल.

रात्री त्या गावातच राहिलो, पुस्तकात 'बघण्यासारखं काही नाही' म्हटलेलं ते हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या गावाला जायला त्याच स्टेशनवर आलो. शेंगावाली अजून यायची होती. पुस्तकात सांगितलेला बाक सावलीला होता, त्यावर बसलो. थोड्या वेळानं एक गोरा म्हातारा आला, पाठीवर माझ्यापेक्षा मोठं ओझं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. फलाटावर बसलेला मीच. त्यानं ओझं माझ्या पायापाशी ठेवलं आणि संडासकडं बोट केलं.

मी म्हणालो, "होगि बर्री. मी हाय की."

त्याला काय कळलं कोण जाणे. गेला. मी एक पाय त्याच्या बॅगेवर टाकला. त्याला लई वेळ लागला. तेवढ्यात माझी गाडी आली, थांबली आणि सुटली. मी जाऊ दिली. दुसरी दुपारी होती. भाकरी काढली आणि खात बसलो.