सगळा दोष लादीचा

आमच्या समोरच्या काकूंनी ज्या निष्ठेने एका लादीशी वैर धरलं, तेवढ्या निष्ठेने कुणी भावकीशीही धरत नाही; आणि काकू मालवणकडच्या, म्हणजे भावकी काय चीज असते ते त्यांना शिकवायला नको. मुलुंडची आमची जुनी दोन मजली बिल्डिंग पाडून टॉवर झाला, आम्ही दोघी नवव्या मजल्यावर समोरासमोर आलो, आणि वर्षाच्या आत काकूंचे गुडघे, खांदे, मनगटं सगळं एकदम ठणकायला लागलं. निदान त्यांचं त्यांनीच केलं. "ही गुळगुळीत लादी गो! हिच्यातून गारवा वर चढतो. जुन्या घरात शहाबादी होती, तेव्हा दुखलं का काही?" मग घरभर गोधड्या, चटया, बोरिवलीच्या सुनेची योगाची मॅट, नातवाचं जुनं दप्तर उसवून केलेलं पायपुसणं असं सगळं अंथरलं गेलं. त्यात लादी दिसली तर शपथ! सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी अकरा बायकांच्या सह्यांचा अर्ज ठेवला. सेक्रेटरी बिचारा म्हणाला, "काकू, लादीने खांदा कसा दुखेल?" "मेल्या, पाणी तळातून गच्चीवर चढता ना? तसोच गारवो चढता!" अर्ज मंजूर झाला नाही, तेव्हा काकूंनी घरी जाऊन आणखी एक चटई अंथरली.

मुळात बाई वाऱ्यासारखी. बोलता बोलता दोन नारळ खवून होत, आणि आपल्याला वाटे आपण आत्ताच आलो. तीच बाई भर मे महिन्यात स्वेटर घालून, पंखा बंद करून बसायला लागली. भेटायला आलेले घामाने निथळायचे आणि काकू विचारायच्या, "थंडी नाय वाजत तुला?" आवाज जाडसर झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. हात डोक्यापर्यंत जाईना, म्हणून त्यांची वेणी मी घालून द्यायची, आणि फणीत केसांचा पुंजका यायचा. जमिनीवरून उठायचं तर भिंत धरायची. डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर, "माका काय्येक झाला नाय." आणि आम्ही सगळ्या शहाण्या म्हणायचो, वय झालं. मीही म्हणायचे, खोटं कशाला सांगू.

मग एका रविवारी बोरिवलीहून मुलगा आला. आईला कुकर उचलवत नाही हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. "आई, बस झालं आता. गणपती झाले की तू आमच्याकडे. हे घर बंद ठेवू." मुलगा गुणी, त्यात वाईट हेतू काहीच नाही. पण लादीशी भांडणारी बाई त्या वेळी नुसती पायाखालची गोधडी सारखी करत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "सून चांगली आहे गो. पण तिथे मी पाहुणीच ना? चहा कधी प्यायचा तेसुद्धा दुसऱ्याने ठरवायचं." दुसऱ्या दिवशी मी त्यांना अक्षरशः ओढत नाक्यावरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

काकूंनी त्यांना दहा मिनिटं लादी समजावली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, स्वेटरकडे पाहिलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. थंडी फार वाजते? वजन वाढलंय? पोट साफ होतं? काकूंचं प्रत्येकाला हो किंवा नाही, पण कुरकुरत. मग रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचा थायरॉईड फार मंद झालाय. तो मंदावला की सगळं शरीरच मंदावतं. स्नायू आखडतात, दुखतात, सांधे सुजू शकतात. प्रत्येकाचं दुखणं यानेच असतं असं नाही, पण तुमचं बरंचसं यातलंच दिसतंय. सकाळी अनशापोटी गोळी, चहा नंतर. लगेच फरक नाही पडायचा, महिने लागतील."

"म्हणजे लादी नाय?" काकूंचा चेहरा इतका पडला की मला हसू आवरेना.

रोज पहाटे गोळी घेऊन चहासाठी घड्याळाला शिव्या घालत त्या बसायच्या. आधी थंडी गेली. मग एका सकाळी मी फणी घेऊन गेले, तर वेणी घालून तयार! गणपतीला उकडीचे मोदक त्यांनी स्वतः वळले. मुलाने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि घर बंद करायचा विषय पुन्हा काढलाच नाही. डावा गुडघा अजून दुखतो, त्याचा दोष मात्र काकूंनी लादीकडेच ठेवलाय.

परवा मी गेले तर गोळी तळहातावर घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, घ्या ना."

"माझी आई अशीच झाली होती," त्या म्हणाल्या. "चेहरा सुजलेला, वैशाखात घोंगडी पांघरून बसायची. अंग दुखतं म्हणायची. आम्ही म्हणायचो, सोंग करते, कामचुकार आहे. वहिनीने तिला चुलीपुढून उठवलं ते कायमचंच. पडवीत बसवली. मी माहेरपणाला गेले की मीसुद्धा ओरडायचे तिला."

काकूंच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

"एवढीशी गोळी गो," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही तिची चूल काढून घेतली."