लेव्हल तीनचे दाजी

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला ठार मारलं. टीव्हीवर, तीस पाहुण्यांदेखत, आणि मुहूर्ताला अर्धा तास असताना.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी शहाद्याकडे एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. गाळपाच्या हंगामात मान वर करायला फुरसत नसते, आणि हंगाम संपला की मान वर करून बघावं असं काही नसतं. म्हणून मी व्हिडिओ गेम खेळतो. (वय त्रेपन्न. हसा!) गोष्टीतलं एक पात्र होऊन जगभर फिरायचं, राक्षसांशी लढायचं आणि लढून लढून आपली लेव्हल वाढवायची, तसले गेम. हा नाद मला कल्याणीने, माझ्या मुलीने लावला, आणि लगेच आमचं फाटलं. तिला पाश्चात्य गेम आवडतात, मला जपानी.

जपानी गेम म्हणजे कशी शिस्त! गोष्ट वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवलेली. लढाईत सगळे ओळीने उभे राहणार, एकाने मारलं की समोरच्याची पाळी, मग परत आपली. मध्येच कोणी घुसत नाही. (शहाद्याच्या एसटी स्टँडवर मला हे अजून बघायला मिळालेलं नाही.) पाश्चात्य गेममध्ये सगळा मोकळा कारभार. नाकडोळे आपण बनवायचे, रस्ता आपण धरायचा. जग वाचवायला निघालेला माणूस वाटेत फुलपाखरं पकडत बसला तरी त्याला कोणी विचारत नाही.

"पप्पा, तुमना गेममा तुम्ही काय करतस?" कल्याणी म्हणायची. "गोष्ट त्यास्नी लिखेल. तुम्ही नुसता बटन दाबतस!"

"आनि तू? तू दुकानदारले मारीसन त्यानाच दुकानमा झोपस!"

"पन मन्हा गेममा सोबती मानसं शेत. तुम्ही वाईट वागनात का ते नाराज होतस, सोडी जातस. तुमना बिचारा गाडीमा बठी ऱ्हातस, तोंड बी उघाडतस नही."

"त्यालेच संस्कार म्हनतस," मी म्हणालो. (हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.)

ही गाडी काय ते सांगतो. माझ्या लाडक्या जपानी गेममध्ये आपल्या टोळीत आठ जण असतात. चौघं पुढे लढतात, उरलेले मागे एका छपराच्या गाडीत बसून राहतात. नावं आपण ठेवायची, तर मी घरचीच ठेवली. पुढे मी स्वतः, लेव्हल बासष्ट, हातात सोन्याची तलवार. माझ्याबरोबर जादूवाली कल्याणी, औषधपाणी करणारी माझी बायको रत्ना, आणि चौथा मोती, म्हणजे आमचा कुत्रा. मागच्या गाडीत इतर नातेवाईक, आणि त्यांत नवापूरचे दाजी. माझ्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान. त्यांचं पात्र जरा संथ निघालं म्हणून मी त्यांना सुरुवातीलाच गाडीत बसवलं, ते बसवलंच. लेव्हल तीन. हातात लाकडी काठी. अंगावर चिलखत नाही, बंडी!

आता खरे दाजी. नवापूरला त्यांची पोल्ट्री आहे, आणि पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मोठं वजन आहे. कल्याणीचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा निखिल, तळोद्याचा, नोकरीला सुरतेत. मुलामुलीचं छान जमलं होतं, पण मुलाकडचे सगळे दाजींच्या भरवशावर आले होते. दाजी रुसून उठले असते तर तेही सगळे चहासुद्धा न घेता उठले असते.

मे महिन्यातला रविवार. हॉलमध्ये तीस माणसं पंख्याकडे बघत बसलेली. निखिल बिचारा अवघडून एका कोपऱ्यात. त्यालाही गेमचा नाद आहे हे मला कल्याणीने सांगितलं होतं, आणि मला राहवेना.

"जपानी का पाश्चात्य?" मी विचारलं.

"पाश्चात्य, काका."

अरे देवा! माझा होणारा जावई वाया चालला होता. "थांबा, तुम्हाला खरा गेम दाखवतो," म्हणून मी टीव्ही लावला. पडद्यावर आमची अख्खी टोळी झळकली, इंग्रजी अक्षरांत नावांसकट.

दाजींनी चष्मा चढवला. "हाई दाजी म्हनजे कोन शे?"

"तुम्हीच, दाजी! मानना खातर नाव ठेयेल शे."

"आनि हाऊ तीनना आकडा?"

"लेव्हल शे ती."

"तुन्ही कितली?"

"बासष्ट."

"मोतीनी?"

खुर्चीखाली झोपलेल्या मोतीने आपलं नाव ऐकून शेपूट हलवली. निखिल सरळ मनाचा मुलगा. त्याने पडद्यावर वाचून सांगितलं, "अठ्ठावन्न."

दाजी सावकाश उठले. टोपी घातली. "मी कोठे बठेल शे त्यामा?"

"मांगे... गाडीमा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग मी गाडीमाच बठस!"

आणि खरोखर जाऊन आपल्या गाडीत बसले. काचा वर, एसी चालू. मुलाचे वडील उठून दारात आले, मुलाचा मामा उठला, आणि कल्याणीने माझ्याकडे बघितलं. पोरीचे डोळे भरले होते. "पप्पा, सोबती सोडी गया," ती एवढंच म्हणाली.

त्या क्षणी मी दाजींचे पाय धरायला हवे होते. पण मी पडलो गेमवाला! मला वाटलं, दाजींची लेव्हल वाढवली की झालं. मोठा राक्षस मारला तर टोळीत जिवंत असलेल्या प्रत्येकाची लेव्हल धडाधड वाढते. मी मोतीला मागे घातलं, दाजींना पुढे उभं केलं आणि थेट ड्रॅगनच्या गुहेत शिरलो. शोभाताई खिडकीतून गाडीकडे ओरडून बातमी देत होती.

"अहो, तुमले कुत्रानी जागा दिधी!"

(याने काही उपयोग झाला नाही.)

जपानी शिस्तीप्रमाणे पहिली पाळी ड्रॅगनची निघाली. त्याने एक फुंकर मारली, आणि बंडीतले दाजी काठीसकट पालथे पडले. वर रडकं संगीत सुरू झालं.

"मन्हा नवराले मारं रे यानी!" शोभाताईने किंकाळी फोडली. "शुभ दिनले!"

मुलाच्या आत्याने हातातला पेढा परत ताटलीत ठेवला.

"उठाडस, उठाडस! रत्ना उठाडी त्यास्ले!" मी बटणं बडवत ओरडलो. पण रत्नाचं नाव दाबलं जाईना, कारण त्याच फुंकरीने रत्नासुद्धा पालथी पडलेली होती. आणि नेमकी तेव्हाच खरी रत्ना चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आली.

"हाई पालथी पडेल बाई कोन शे?"

"तू शे, मम्मी," कल्याणी म्हणाली.

"मी कवय मरनू?"

"तू दर लढाईमा मरस. पप्पा वाचाडतस नही तुले."

"आनि उठाडतस कवय?"

"पप्पास्ले लागस तवय. औषध देवाले."

मला वाटलं, ड्रॅगनने आता टीव्हीतून बाहेर यावं आणि माझी पाळी उरकावी. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, कारण यात खोटं काहीच नव्हतं. पहाटेपासून रत्ना उभी होती, आणि सकाळपासून मी तिला एकदाच हाक मारली होती. रिमोट कुठे आहे ते विचारायला.

तिने ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि उन्हात जाऊन दाजींच्या काचेवर टकटक केलं. काच खाली झाली. आम्ही सगळे खिडकीला चिकटलो.

"दाजी, तुमनी तीन तं तीन, लेव्हल तरी शे. मी तं मरेल शे."

"काय सांगस, रत्नाबाई?"

"देखी ल्या जाईसन."

दाजी आत आले. पडद्यासमोर उभे राहिले. शेजारी शेजारी पालथी पडलेली दोघं त्यांनी नीट बघितली, आणि चेहऱ्यावरचा राग उतरून तिथे दया आली. (माझ्याबद्दल नव्हे!)

"भाऊ," ते मला म्हणाले, "मी पाव्हना मानूस, मन्हं सोडी दे. पन हाई बाई तुन्हा घरमा शे रे!"

मग टोपी सारखी करून ते मधल्या खुर्चीवर बसले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "बठा. पोर चांगली शे. बापकडे देखू नका." मुलाच्या आत्याने पेढा उचलला. साखरपुडा वेळेवर झाला. कल्याणी पुन्हा हसली, निखिलशी बोलताना.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मी दमून सोफ्यावर बसलो आणि सवयीने हाक मारली, "रत्ना, चहा टाकस का?"

आतल्या खोलीत पंखा फिरत होता. थोड्या वेळाने पलंगावरून शांत आवाज आला.

"मी मरेल शे."

मी वाट बघितली. परत हाक मारायची हिंमत झाली नाही. शेवटी उठून स्वयंपाकघरात गेलो, पातेलं शोधलं, गॅस पेटवला, चहा उतू घालवला आणि ओट्यापाशी घामाघूम उभा राहिलो. दाजींच्या हातात निदान लाकडी काठी तरी होती. मला अठ्ठावीस वर्षांच्या संसारात गाळणी कुठे असते तेसुद्धा माहीत नव्हतं!