पाच खोल्यांचं भांडवल

सबंध नंदुरबार जिल्ह्यात, खापरपासून रनाळ्यापर्यंत, अर्थशास्त्र ज्याच्या हाडामांसात भिनलंय असा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहतो. आमचे सर. अकरावी-बारावीला त्यांनी मला अर्थशास्त्र शिकवलं, त्यात मी कसाबसा काठावर पास झालो, आणि पुढे घर घेतलं ते त्यांच्याच शेजारी. म्हणजे माझा अभ्यासक्रम अजून संपलेला नाही. सर निवृत्त झाले, पण जगाकडे बघतात ते भांडवल म्हणूनच. घर, शेत, यंत्र हे स्थिर भांडवल. रोज येणारा-जाणारा माल आणि पैसा हे खेळतं भांडवल. तुमचं डोकं आणि हातपाय हे मानवी भांडवल. आणि ज्या लग्नात आपल्याला नवरा-नवरी दोघंही ओळखत नाहीत, तिथे जाऊन पोटभर जेवून येणं हे सामाजिक भांडवल. दाढ दुखायला लागली तर 'दुखते' म्हणणार नाहीत, 'घसारा सुरू झालाय' म्हणतील. दातांच्या डॉक्टरला हे कळत नाही, म्हणून काकूंना सोबत जावं लागतं.

या सगळ्यांत सरांचा खरा वैरी म्हणजे पडीक भांडवल. कुणी गप्पा मारायला आला आणि त्याचे हात रिकामे दिसले, की सर आतून लाल मिरच्यांनी भरलेलं सूप आणून त्याच्या मांडीवर ठेवतात. बोलता बोलता देठं खुडायची. एकदा विम्याचा एजंट आला होता, तो दुपारभर देठं खुडून, डोळे पुसत पुसत परत गेला; पॉलिसीचा विषय काढायचं त्याला सुचलंच नाही. मोटारसायकलची मागची सीट रिकामी गेलेलीही सरांना खपत नाही. रनाळ्याला बहिणीकडे निघाले, की चौफुलीवर जो कुणी उभा असेल त्याला म्हणतात, "बसा." त्या आवाजाला वर्गातली जरब अशी, की माणूस बसतो. एक बिचारा बांगड्या घ्यायला गेलेल्या बायकोची वाट बघत उभा होता. तासाभराने त्याने तिला फोन करून सांगितलं, मी रनाळ्याला आहे. तिने विचारलं, तिथे काय काम? तर म्हणे, ते मलाही अजून कळलेलं नाही.

अशा माणसावर गेल्या हिवाळ्यात त्याचंच शास्त्र उलटलं. सरांचा मुलगा सुरतेला नोकरीला असतो. मी सरांकडे देठं खुडत बसलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. स्पीकर चालू होता, कारण सरांच्या मते एका फोनवर एकाच माणसाने बोलणं ही उधळपट्टी आहे. मुलगा म्हणाला, "आप्पा, पाच खोल्या आणि माणसं दोन. पडून राहिलेलं भांडवल म्हणजे देशाचं नुकसान, हे तुम्हीच शिकवलंत ना? घर विकून टाका आणि इकडे या. गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं आहे, पौष संपायच्या आत घेऊन येतो." आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासणाऱ्या माणसाचा पेपर आता पोराने तपासला. फोन ठेवल्यावर ते प्रत्येक खोलीच्या दारात थोडा थोडा वेळ उभे राहून आले आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे त्याचा. खोल्या पडीक आहेत. त्या पडीक राहता कामा नयेत."

आणि मग जे सुरू झालं ते बघून आमची गल्ली दिङ्मूढ झाली. पौषात लग्नं नसतात, म्हणून एका बँडवाल्याचे ढोल, ताशे आणि ते भलेमोठे पितळी भोंगे मधल्या खोलीत आले. पुढच्या खोलीत एक शिंपी दोन मशिनी घेऊन बसला. मागच्या खोलीत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दंड काढू लागली, त्यामुळे भिंतीपलीकडे माझ्या घरातली भांडी थरथरायची. गच्चीवर कुणाच्या तरी मिरच्या वाळत पडल्या, वाळलेल्या वरच्या खोलीत पोत्यांत भरून राहिल्या. जिन्याच्या दर पायरीवर एकेक पोरगं पाढे म्हणत बसायचं. पाचवी खोली म्हणजे स्वयंपाकघर. ते वाचलं, कारण काकू उंबऱ्यात लाटणं घेऊन उभ्या राहिल्या. सर आणि काकू मोठ्या ढोलाच्या आडोशाला झोपायचे. काकू तांदूळ निवडायला माझ्या ओट्यावर येऊ लागल्या. मी विचारलं, काकू, हे काय चाललंय? त्या तांदळातून नजर न काढता म्हणाल्या, "काय चालनार? यासले आठेच ऱ्हानं शे. माले बी आठेच ऱ्हानं शे. पन पोऱ्याले तसं सांगाले यासले तोंड नई." म्हणजे राहायचं दोघांनाही इथेच होतं, फक्त पोराला ते सांगायची सरांना हिंमत नव्हती.

ठरल्याप्रमाणे मुलगा आला, तेव्हा मीही तिथेच देठं खुडत होतो. सोबत तापीकाठचा एक केळीवाला पाटील, भला माणूस, गावात एखादं घर असावं एवढीच त्याची इच्छा. दारात पाऊल टाकताच शिंप्याने पाटलाला गिऱ्हाईक समजून टेप लावला. पाटलालाही वाटलं, या घराची हीच रीत असेल. त्याने मुकाट्याने हात पसरले. मुलगा मिरचीच्या खकाण्याने शिंकत शिंकत घरभर फिरला आणि ढोलाला अडखळून पुढच्या खोलीत परत आला. सर छाती काढून म्हणाले, "बघितलंस? पाच खोल्या, पडीक एकही नाही."

"भाडं किती येतं आप्पा?"

"भाडं?"

"म्हणजे यातून येतं काय?"

सरांनी शिंप्याकडे, ढोलांकडे, जिन्यावरच्या पोरांकडे बघितलं. "लोक येतात," ते म्हणाले.

झालं. भाडं मागायचं सरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगा कपाळाला हात लावून शिंप्याच्या बाकावर बसला. "आप्पा, याला भांडवल म्हणतात का हो? बारावीचं पोरगंही म्हणणार नाही." पाटील बिचारा हात तसेच पसरलेले ठेवून म्हणाला, "मंग सर, देवानं शे का नई घर?"

आता सर 'स्थावर मालमत्तेचं मूल्य' असलं काहीतरी काढतील म्हणून मी तयारीत होतो. सर खाली जमिनीवर बसले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि म्हणाले, "नई. माले नई देवानं."

मी दचकलोच, ते घर द्यायला नाही म्हणाले म्हणून नव्हे. तीस वर्षांत सरांच्या तोंडून अहिराणी ऐकली नव्हती. वर्गात नाही, गल्लीत नाही, पोराशी तर नाहीच. पोरगं शिकलं पाहिजे म्हणून त्याच्याशी कायम पुस्तकातलं मराठी. पोरगाही त्यांच्याकडे बघतच राहिला. "का आप्पा?"

"मन्हा जीव लागस आठे."

"मग हे फोनवरच सांगायचं ना."

"तू कारन इचारशी, म्हनीसन नई सांगं," सर म्हणाले. "मन्हाजोडे कारन नई शे." जन्मभर आमच्याकडून 'कारणे द्या' लिहून घेणाऱ्या माणसाजवळ स्वतःचं एकही कारण नव्हतं.

मधल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मिरच्यांमुळे असेल म्हणावं, तर त्या मिरच्यांना आयुष्यात कधी शिंकल्यासुद्धा नाहीत. मुलगा उठला, बापाशेजारी जमिनीवर येऊन बसला आणि पाटलाला म्हणाला, माफ करा, घर द्यायचं नाही. पाटील हसून निघाला. शर्ट मात्र त्याने खरोखरच शिवून घेतला.

पौष संपला, ढोल गेले, शिंप्याला बाजारात गाळा मिळाला, पोरांतला एक जण भरतीही झाला. खोल्या पुन्हा रिकाम्या आहेत आणि सर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मला विचाराल तर मी देवाचे आभार मानतो. ते सुरतेला गेले असते, तर या गल्लीत मी कुणाच्या नावाने कटकट केली असती? संध्याकाळी मुलाचा फोन येतो. स्पीकर अजूनही चालू असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. तो आता बापाशी अहिराणी बोलायला बघतो. त्याला ती नीट येत नाही. सरांनीच कधी येऊ दिली नाही. शब्द शोधत, अडखळत तो विचारतो, "आप्पा, जेवनात का?" शब्द बरोबर असतो, पण हेल सगळा परका. सर दुसऱ्यांची चूक सोडणारे नव्हेत, पण ही सोडतात. "जेवनू, बेटा," म्हणतात, आणि तिकडून फोन बंद झाला तरी तो तसाच हातात धरून ओट्यावर बसून राहतात.