करंगळीखालचं बटण

परदेशी दाखल्यांची भाषांतरं करून देणाऱ्या त्या ऑफिसात ताईला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठा असलेला शिपाईसुद्धा. एकवीस वर्षं ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लोकांची नावं टाइप करत होती. आणि नावं तरी कसली? एका अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी, तिसऱ्याच्या पायाशी शेपटी. टोपी राहिली की दाखला परत, आणि कुणाचं तरी लग्न नाहीतर नोकरी महिनाभर लटकलीच म्हणून समजा. बाकीचे टायपिस्ट असलं अक्षर आलं की माउस धरून चिन्हांच्या तक्त्यात शोधाशोध करत बसत. ताई मान वर न करता पान संपवायची.

याचं कारण तिची स्वतःची मांडणी. सात वर्षं खपून तिनं कीबोर्डवरची अक्षरं आपल्या सोयीनं हलवली होती. टोपीवाली मधल्या ओळीत, टिंबवाली उजव्या अंगठ्याचं बटण दाबलं की हाताशी. बटणावर छापलेलं एक आणि पडद्यावर उमटणार भलतंच, त्यामुळे तिच्या मशीनला हात लावायची कुणाची छाती नव्हती. डाव्या कडेची तीन बटणं तेवढी तिनं रिकामी सोडली होती. तिची डावी करंगळी वाकत नव्हती.

ती गोष्ट जुनी. ताई दहा वर्षांची, धाकटी बहीण सहाची. धाकटीनं रुसून दार आपटलं आणि ताईचं बोट सापडलं. वडील हात उगारायला मागेपुढे बघत नसत, म्हणून ताईनं रडत रडतच सांगितलं, "वाऱ्यानं लागलं दार." घरात तेच खरं ठरलं. दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

धाकटीची नोकरी सुटली तेव्हा ताईनंच साहेबांकडे शब्द टाकला. तिला शेजारी बसवलं, जेवणाच्या सुट्टीत मांडणी शिकवली, सगळा आराखडा कागदावर काढून दिला. धाकटी हुशार, वर्षाच्या आत तिचेही हात भराभर चालू लागले.

"ताई, हे सगळ्यांना शिकवायला हवं," ती म्हणायची, आणि ताई वेड्यासारखी हरखून जायची. नावांचा वेगळा विभाग निघणार होता. प्रमुख ताईच होणार, हे सगळे धरून चालले होते. ताईसुद्धा, उगाच खोटं कशाला बोला.

सोमवारी फळ्यावर सूचना लागली. विभागप्रमुख म्हणून धाकटीची नेमणूक. कारण काय, तर नवी मांडणी तिनं तयार केली. सगळ्यांनी बुधवारी तिच्याकडून ती शिकून घ्यावी. ताईनं सूचना तीनदा वाचली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीची वेणी आपणच घालत होतो, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

तिनं धाकटीला जिन्यात गाठलं.

"हे काय गं?"

"अगं, साहेबांना कुणीतरी पटवून सांगायला हवं होतं. तू कुठे तोंड उघडतेस? घरातल्या घरातच तर आहे."

"माझं नाव तरी घ्यायचंस."

"बुधवारी सांगते ना सगळ्यांसमोर."

आणि ताईनं विश्वास ठेवला. इतकं झाल्यावरही ठेवला, याचा तिला पुढे स्वतःचाच राग आला.

बुधवारी ती मागच्या खुर्चीवर बसली, आपलीच मांडणी शिकायला. धाकटी छान बोलली. टोप्या झाल्या, टिंबं झाली, शेपट्या झाल्या. ताईचं नाव काही येईना. शेवटी नव्या टायपिस्टनं विचारलं, "मॅडम, डाव्या कडेची तीन बटणं रिकामी का?"

ताई पुढे सरकून बसली. आता सांगेल, तिला वाटलं. याचं उत्तर दुसरं असूच शकत नव्हतं.

धाकटीनं एकदा मागे, ताईच्या हाताकडे पाहिलं. "ते राहून गेलंय," ती म्हणाली.

"मग वापरू की," साहेब म्हणाले. "रोज लागणारी अक्षरं टाका तिथं. सगळ्या मशीनवर एकच मांडणी हवी. ताईंना जमेल ना?"

"जमेल. ताई सगळं सांभाळून घेते."

नाव गेलं, जागा गेली, ते ताईनं एक वेळ पोटात घातलं असतं. पण हिनं ताईचे हातच काढून घेतले होते, आणि तेही माहीत असताना. ती उठली. सगळ्यांनी मान वळवली.

"काही बोलायचंय का, ताई?" साहेबांनी विचारलं.

ताई धाकटीकडेच बघत होती. "दार वाऱ्यानं लागलं नव्हतं," ती म्हणाली.

"कुठलं दार?" साहेबांना काही उमजेना.

धाकटीला उमजलं. तिचा चेहरा उतरला. ताई थांबली. अगदी शेवटचं म्हणून थांबली. मग धाकटीनं मान खाली घालून पुढचा कागद उचलला.

दुपारी तीनला ताईच्याही मशीनवर नवी मांडणी बसली. समोर एका नवरीचा दाखला होता, तिच्या नावात दोन टोप्या. ताईनं नेहमीसारखे हात ठेवले. टोपीवाली अक्षरं आता डाव्या कडेला गेली होती. करंगळी वर राहिली. मग तिनं उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि एकेक अक्षर शोधायला लागली.