माहेरची काशी

माझी धाकटी नणंद अनिता धसईला शाळेत शिकवायची आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं लिहायची. १९९१पासून तिची सात पुस्तकं निघाली. प्रत्येकात काशी नावाची धीट मुलगी असे. ही काशी खरीच होती; लहानपणी धसईला मामाकडे शिकायला होती, अनिताची जिवाची मैत्रीण. अनिता डी.एड.ला असताना काशीचं लग्न शहापूरकडे झालं. पुढे मामा वारले आणि पत्ता सांगणारं कोणी राहिलं नाही.

म्हणून अनिता शहापूरच्या शाळाशाळांत पुस्तकं वाटायची. मुलांना विचारायची, "कुणाच्या आईचं नाव काशी आहे का?" एकही हात वर होत नसे.

एकदा मीच बोलले, "अगो, लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं असेल ना तिचं! पोरांना जुनं नाव काय ठाऊक?"

पुढच्या शाळेत तिने मुलांना सांगितलं, "आईला माहेरचं नाव विचारा आणि मला कळवा."

पोस्टकार्डं आली. एका मुलीने लिहिलं होतं, "आई आधी लाजली. बोलली, आता कशाला गो? मग बोलली, बाईजा." अशी बावीस नावं आली. काशी त्यांत नव्हती.

आठव्या पुस्तकात अनिताने काशीला बावीस मैत्रिणी दिल्या.

म्हसा गावच्या जत्रेत अनिता अजून बायकांचे चेहरे बघत चालते. मी म्हसोबाला नारळ ठेवते आणि तिच्या मैत्रिणीची भेट मागताना नाव काशीच घेते. तिचं दुसरं नाव देवाला ठाऊक असेल.