भिंतभर समुद्र

कळंबच्या घरचा जुना टीव्ही बंद पडला, तेव्हा कपाशीची वेचणी नुकतीच आटोपली होती. बाबा बसनं यवतमाळला माझ्याकडे आले आणि आम्ही दोघं नवा घ्यायला निघालो.

दुकानात शिरताच बाबा थबकले. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांत एकच समुद्र. निळं, आरपार दिसणारं पाणी आणि त्यात संथ फिरणारे मासे. बाबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ते खुर्ची ओढून बसलेच.

दुकानदार मला एचडी, फुल एचडी, फोर-के समजावत होता. चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. ठिपके जास्त, तितकं ते रेखीव. मी मान हलवत होते, पण लक्ष बाबांकडे होतं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळा उजेड हलत होता.

"हाच घेऊ वं बाई," ते म्हणाले. "वाळूचा कण न् कण दिसून राह्यला."

कळंबला घरी टीव्ही लागला आणि समुद्र कुठल्या कुठे गेला. बातम्या सांगणाऱ्या बाईचं नाक-तोंड फिस्कटलेलं.

"याच्याहून जुनाच बरा व्हता," आई म्हणाली.

बाबा रिमोट उलटासुलटा करून पाहू लागले. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी दुकानदाराला फोन लावला.

तो म्हणाला, "केबलचा डबा जुनाच हाय ना? चित्रच जाडंभरडं येऊन राह्यलं, तं टीव्ही काय करन?"

मी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी केबलवाल्यानं एचडीचा डबा बसवला. चित्र लख्ख झालं, पण रंग डोळ्यांत घुसू लागले.

"एवढं हिरवं कुठं असते?" आईनं विचारलं.

रिमोट चाळता चाळता मला कळलं, दुकानात उठून दिसावं म्हणून केलेली सेटिंग तशीच राहिली होती. ती घरच्यासारखी केली. झाडं हळूहळू तुरीच्या पानांसारखी मऊ हिरवी झाली.

दुपारी कुठल्याशा नदीचा कार्यक्रम लागला. बाबांचा तिथंच डोळा लागला. आईनं आवाज पार बंद केला.

"ऐकू कसं येईल?" मी विचारलं.

"राहू दे. पाणी पाहून राह्यली मी."

खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. पाण्यावर ऊन चमकत होतं, तळाचे गोटे दिसत होते. माझी यवतमाळला परतायची बस निघून गेली. मी आईशेजारी पाय पसरून बसले.